प्रच्छन्न पराक्रम

शत्रूच्या दृष्टीस न पडता त्याच्यावर प्रहार करता यावा ही इच्छा शस्त्रविद्येइतकीच जुनी आहे, आणि असा प्रहार करणाऱ्यास वीर म्हणावे की नाही हा वादही तितकाच जुना आहे. आपल्या काळात या इच्छेने विमानाचे रूप धारण केले आहे. रडारला जवळजवळ न दिसणारी, ज्यांना आपली वृत्तपत्रेही आता सरळ ‘स्टेल्थ’ म्हणतात अशी लढाऊ विमाने अमेरिका, रशिया आणि चीन यांनी बनविली आहेत. त्यांच्या पुढच्या पिढीचे नमुने अमेरिका आणि चीन येथे आकार घेत आहेत. ब्रिटन, जपान आणि इटली यांनी २०३५ च्या सुमारास आपले संयुक्त विमान उभे करण्याचा संकल्प सोडला आहे. आणि आपल्या देशातही मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने ‘अ‍ॅम्का’ या दुहेरी इंजिनाच्या, सुमारे २५ टन वजनाच्या विमानाच्या विकसनासाठी सुमारे १५,००० कोटी रुपयांची तजवीज मंजूर केली आहे. ते उडेल केव्हा, त्याला इंजिन कोणाचे बसेल, शेजाऱ्याच्या विमानापुढे ते टिकेल काय, यांविषयी जाणते आणि हौशी असे दोन्ही प्रकारचे लोक अहोरात्र तर्क करीत असतात. त्या तर्कांत भर घालण्याचा माझा अधिकार नाही आणि हेतूही नाही. मला विचारावयाचे आहे ते एवढेच की, ज्या पराक्रमाला कोणी पाहू शकत नाही, त्या पराक्रमाचा धर्म कोणता?

हा प्रश्न नागपुरात बसून विचारण्यास विशेष औचित्य आहे. देशाच्या मध्यावर वसलेल्या या शहराचा आकाशाशी जुना संबंध आहे: १९४९ साली रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली तेव्हा मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि आल्या दिशेला परत जात. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे, म्हणजे तिची विमाने आणि शस्त्रे दुरुस्त व सज्ज राखणाऱ्या विभागाचे, मुख्यालय इथल्याच वायुसेनानगरात आहे; अंबाझरीला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे; मिहानच्या परिसरात विदेशी प्रवासी विमानांचे भाग घडतात. पण याच शहरात दीक्षाभूमी आहे, नैर्ऋत्येस थोड्याच अंतरावर सेवाग्राम आहे आणि ईशान्येस रामटेकची टेकडी आहे. शस्त्र सज्ज ठेवणारे आणि शस्त्राला जाब विचारणारे अशा दोन्ही परंपरा एका मुलखात इतक्या निकट नांदताना क्वचितच आढळतील. विजयादशमीच्या दिवशी तर हे सान्निध्य डोळ्यांत भरते. कारण ज्या तिथीला घरोघरी शस्त्रे देव्हाऱ्यापुढे मांडून त्यांवर हळदकुंकू वाहण्यात येते, त्याच तिथीला, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे शील येथे स्वीकारले.

धर्माकडे वळण्यापूर्वी वस्तुस्थिती समजून घेतली पाहिजे, कारण ‘अदृश्य’ हे विशेषण या विमानांना लावले जाते तितके ती अदृश्य नसतात. रडार आपल्या लहरी आकाशात सोडते आणि परतलेल्या प्रतिध्वनीवरून वस्तूचा ठाव घेते. म्हणून विमानाच्या कडा आणि पृष्ठे अशा कोनांत वळविली जातात की आलेली लहर आल्या वाटेने परत न जाता अन्यत्र फेकली जावी, शस्त्रे पंखांखाली न टांगता पोटात दडविली जातात, इंजिनाची पाती दिसू नयेत म्हणून हवा घेणारा मार्ग नागमोडी केला जातो आणि अंगावर लहरी शोषणारा लेप चढविला जातो. परंतु निसर्गाचा हिशेब येथे कठोर आहे. रडारला दिसण्याचे अंतर निम्म्यावर आणावयाचे असेल तर परावर्तन सोळाव्या हिश्श्यावर आणावे लागते, आणि ते अंतर दहाव्या हिश्श्यावर आणावयाचे तर परावर्तन दहा हजाराव्या हिश्श्यावर. म्हणजे असामान्य बुद्धी आणि अपरिमित द्रव्य खर्चून जे प्राप्त होते, ते केवळ उशिरा दिसणे होय. न दिसणे नव्हे. या विद्येचा गणिती पाया घालणारे प्योत्र उफिम्त्सेव हे सोव्हिएत शास्त्रज्ञ होते. त्यांचा १९६२ चा ग्रंथ त्यांच्याच सरकारने लष्करी महत्त्वाचा न मानता खुला प्रसिद्ध होऊ दिला, आणि अमेरिकेने तो भाषांतरित करून घेऊन त्यावर आपली विमाने उभी केली. त्यांतले सेवेत आलेले पहिले, एफ-११७, १९८१ मध्ये उडाले आणि पुढे सात वर्षे, १९८८ पर्यंत, त्याचे अस्तित्व सरकारने मान्य केले नाही. २७ मार्च १९९९ रोजी मात्र सर्बियाच्या आकाशात त्याच जातीचे एक विमान कित्येक दशके जुन्या बनावटीच्या सोव्हिएत क्षेपणास्त्राने पाडले. या दोन घटना एकत्र ठेवून पाहिल्या तर असे दिसेल की ते विमान शत्रूच्या रडारपासून जितके लपले, त्याहून अधिक पूर्णतेने ते आपल्याच नागरिकांपासून लपले होते. या निरीक्षणाकडे मी पुन्हा येणार आहे.

अदृश्य योद्ध्याचे आपल्या वाङ्मयातील आदिरूप म्हणजे इंद्रजित. येथे एक खुलासा करून ठेवणे इष्ट. प्राचीन ग्रंथांत विमानांची वर्णने आहेत म्हणून प्राचीनांपाशी विमाने होती, असे मानून सुखावणारा एक वर्ग आपल्यात आहे. ज्या ‘वैमानिकशास्त्रा’चा तो आधार घेतो, त्या ग्रंथाची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये छाननी केली आणि तो विसाव्या शतकातील असून त्यातील यंत्रे उडण्याजोगी नाहीत, असा निर्णय दिला. वाल्मीकींकडून आपण यंत्रविद्या शिकावयास जाऊ तर रित्या हाताने परतू. धर्मजिज्ञासा घेऊन जाऊ तर मात्र त्यांच्यापाशी देण्यासारखे पुष्कळ आहे. युद्धकांडात मेघांआड राहून बाणांचा वर्षाव करणारा रावणपुत्र दिसत नाही, त्याच्या रथाचा ध्वनी ऐकू येत नाही, बाण तेवढे येतात आणि वानरसैन्य कोसळते. तेव्हा संतप्त लक्ष्मण म्हणतो की ब्रह्मास्त्र सोडून मी सगळ्याच राक्षसांचा नायनाट करतो. राम त्याला आवरतो. एकासाठी सर्वांना मारणे योग्य नव्हे, असे तो सांगतो. जो लढत नाही, जो भयाने दडून बसला आहे, जो हात जोडून शरण येतो, जो पळतो आहे, त्याचा वध करू नये, असे तो बजावतो. अदृश्याच्या आघाताने मनुष्य विवेक गमावतो, दिसत नाही त्याचा सूड दिसतात त्या सर्वांवर घेऊ पाहतो, हे वाल्मीकींनी इतक्या पूर्वी ओळखले होते. अदृश्य शस्त्राचे पहिले संकट हे असे दुहेरी आहे: ते बाळगणारा निर्ढावतो आणि ज्याच्यावर ते पडते तो अंध होतो.

इंद्रजिताचा अंत कसा झाला, तेही मननीय आहे. त्याच्याहून तीक्ष्ण दृष्टी लाभलेल्या कोणा वीराने त्याला आकाशात हुडकून काढले नाही. निकुंभिलेत, वटवृक्षाच्या छायेत, तो जे हवन करी त्यातून त्याला अदृश्यत्व लाभे. ते स्थळ बिभीषणाने लक्ष्मणाला दाखविले आणि हवन अपुरे राहिल्यामुळे इंद्रजिताला उघड्यावर येऊन लढावे लागले. आकाशात अजिंक्य असलेले सामर्थ्य जमिनीवर, तयारीच्या घटकेला, दुबळे असते. आजच्या अदृश्य विमानांचा लेपही असाच नाजूक असून त्याच्या निगेसाठी तापमान राखलेले हँगर आणि शेकडो कुशल हात लागतात. मेंटेनन्स कमांडच्या शहरात राहणाऱ्यास हे सांगावयास नको. आणि त्या हवनाचे स्थळ उघड करणारा जो होता, तो लंकेचाच होता. इंद्रजिताने त्याला कुलद्रोही म्हटले. बिभीषणाचे म्हणणे असे की धर्मापासून ढळलेल्या स्वकीयाचा त्याग करणे हेच योग्य होय. अदृश्याला दृश्य करणारा साक्षी शत्रूकडून येत नाही, तो स्वकीयांतूनच उठावा लागतो, हा त्या कथेचा अर्थ मला सर्वांत मोलाचा वाटतो.

यावर कोणी म्हणेल की मग लपून लढणे हाच अधर्म ठरवून मोकळे व्हा. धर्मशास्त्राचा एक प्रवाह तसे म्हणतोही. भीष्मपर्वाच्या आरंभी उभय पक्षांनी जे युद्धनियम ठरविले त्यांत हाक देऊन मगच प्रहार करावा असा संकेत आहे. मनूने गुप्त आयुधांनी लढण्याचा निषेध केला आहे. परंतु कौटिल्याने प्रकाशयुद्ध, कूटयुद्ध आणि तूष्णींयुद्ध असे तीन प्रकार मांडताना देशकाल सांगून केलेल्या प्रकाशयुद्धाला धर्मिष्ठ म्हटले आणि तरीही उरलेल्या दोहोंचा त्याग सांगितला नाही. मराठी माणसाला तर हा त्याग सांगण्याची सोयच नाही. गनिमी काव्याने ज्यांचे राज्य उभे राहिले, त्यांच्या वंशजांनी लपून केलेल्या हल्ल्याला सरसकट पाप म्हणणे म्हणजे आपलेच दफ्तर जाळणे होय. दुर्बळाला आच्छादन हेच चिलखत असते. मात्र एप्रिल १६६३ मध्ये शायिस्ताखानावर रात्री छापा घालणारे शिवाजी महाराज स्वतः लाल महालात शिरले होते. अंधार त्यांनी वापरला, पण त्या अंधारात त्यांचे स्वतःचे मस्तकही पणाला लागलेले होते. शत्रूपासून लपणे आणि संकटापासून लपणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आणि स्वतःच्या कृत्यापासून लपणे, ही तिसरी आहे. पहिली नीती असू शकते, दुसरी सोय असू शकते, तिसरीला मात्र अधर्म याखेरीज नाव नाही.

तिसरीकडे जाण्याची वाट दृष्टीतून जाते. भगवद्गीतेतील कृष्णार्जुनसंवादाचा आरंभ तत्त्वज्ञानाने होत नाही, अर्जुनाच्या एका विनंतीने होतो: माझा रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा कर, मला कोणाशी लढावयाचे आहे ते पाहू दे. श्रीकृष्ण रथ भीष्म-द्रोणांसमोर नेऊन उभा करतो, अर्जुन पाहतो, आणि पाहिल्यामुळेच त्याला प्रश्न पडतो. पुढचे सतरा अध्याय त्या पाहण्याचे अपत्य आहेत. अर्जुनाने शेवटी युद्ध केले हे खरे, पण पाहून, थरारून, विचारून आणि उत्तर ऐकून केले. आता ज्या वैमानिकाला कित्येक कोसांवरचा शत्रू हा पडद्यावरील एक ठिपका म्हणूनच ज्ञात आहे, त्याचा रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये कोठे उभा करावयाचा? जो दिसत नाही तो पाहतही नाही, निदान मनुष्याने मनुष्याला पाहावे तसे पाहत नाही.

सेवाग्रामच्या महात्म्याला हे संकट नेमके कळले होते. ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे आपल्या अखेरच्या दिवशी, अमेरिकन छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी त्यांना अणुबॉम्बला अहिंसेने कसे तोंड देणार असे विचारले, तेव्हा त्यांचे उत्तर असे होते की मी आडोशाला जाणार नाही, उघड्यावर येईन आणि माझ्या मनात वैमानिकाविषयी द्वेष नाही हे त्याला पाहू देईन. इतक्या उंचीवरून चेहरा दिसणार नाही हे ते जाणत होते आणि तसे त्यांनी म्हटलेही. त्या उत्तराला भाबडे म्हणून हसणे सोपे आहे. पण सत्याग्रहाची सारी शक्ती प्रतिपक्षाच्या डोळ्यांवर विसंबलेली असते. सोसणारा दिसलाच नाही तर मारणाऱ्याच्या हृदयात पालट होणार कसा? गांधीजींचे उत्तर अव्यवहार्य ठरते ते अहिंसा दुबळी आहे म्हणून नव्हे, तर वरचा मनुष्य खालच्या मनुष्याच्या दृष्टीच्या टप्प्याबाहेर गेला आहे म्हणून.

पुढच्या पिढीविषयीचे तर्क याच दिशेला आणखी एक पाऊल टाकतात. वैमानिकासहित उडणाऱ्या एका विमानासोबत त्याच्या हुकमतीत अनेक चालकविहीन विमाने उडतील, असे या नव्या रचनांचे स्वरूप सांगितले जाते. अमेरिकेत अशा सहचर विमानांची उड्डाणे २०२५ मध्ये झालीही, आणि आपल्याकडेही तशा योजनांवर काम चालू आहे. लक्ष्य ओळखण्याचा आणि क्रम लावण्याचा भार क्रमशः यंत्रावर जाईल. त्यामुळे वैमानिकांचे प्राण वाचतील, आणि हे पुण्य लहान नाही. ज्या मातेचा पुत्र परत येतो तिला तत्त्वज्ञान ऐकविण्याचे धार्ष्ट्य मी करणार नाही. पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. १९९९ मध्ये पाडलेल्या त्या विमानाचा वैमानिक डेल झेल्को छत्रीने उतरून वाचला. ते पाडणाऱ्या तुकडीचा प्रमुख झोल्तान दानी सैन्यातून निवृत्त होऊन आपल्या गावी पाव भाजू लागला. आणि एका तपानंतर ते दोघे भेटले, एकमेकांच्या कुटुंबांत वावरले, मित्र झाले. अदृश्य विमानाच्या इतिहासातील ही एकच घटना मला धर्मग्रंथात घालण्याजोगी वाटते. ती घडू शकली, कारण त्या विमानात एक मनुष्य होता. रिकाम्या विमानाच्या अवशेषांशी कोणाला समेट करता येईल?

येथे दीक्षाभूमीचा विचार मार्गदर्शक होतो. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या १९५७ मध्ये, मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेला आंधळा नियम न मानता, मारण्याची इच्छा आणि मारण्याची आवश्यकता यांत बुद्धाने भेद केला, असे प्रतिपादन केले आहे. राष्ट्राला शस्त्र बाळगावे लागते, ही आवश्यकता झाली. पण ती आवश्यकता आहे की तिच्या वेषात इच्छाच वावरते आहे, हे प्रत्येक प्रसंगी कोणीतरी तपासले पाहिजे. ही तपासणी करणारी जी चेतना, तिलाच बुद्धाने कर्म म्हटले. यंत्राला गती असते, गणित असते, चेतना नसते. म्हणून यंत्राच्या हातून कर्म होत नाही, केवळ घटना घडते. आणि घटनेचे पाप कोणालाच लागत नाही, ही सोय जितकी मोहक तितकीच भयंकर आहे. ज्याने आज्ञावली रचली तो म्हणेल, मी सर्वसाधारण नियम लिहिला. ज्याने हुकूम दिला तो म्हणेल, निवड यंत्राने केली. ज्याने खर्च मंजूर केला तो म्हणेल, तपशील गोपनीय होता. पापकर्म करून आकाशात, समुद्रात किंवा पर्वताच्या गुहेत दडणाऱ्याची सुटका नाही, असा धम्मपदाचा आशय आहे. परंतु पाप इतक्या जणांत वाटून टाकले की कोणाच्याच अंगावर ते ओळखू येऊ नये, ही गुहा त्या काळी खोदली गेली नव्हती.

मग आपण हे विमान बनवू नये काय? शेजारी देशाच्या वायुदलात अशी विमाने सेवेत असताना, त्यांच्या सावलीत राहणाऱ्या कोट्यवधी लोकांना उघड्यावर सोडून स्वतःचे हात निर्मळ राखणे, हा संन्याशाचा धर्म असेल; राजधर्म तो नव्हे. विमान बनावे, आणि चांगले बनावे. पण ज्या मापाने ते शत्रूला अदृश्य होईल, त्याच मापाने त्याच्यामागची सत्ता आपल्या लोकांना दृश्य राहिली पाहिजे, ही अट धर्माने घातलेली आहे असे मी मानतो. त्याच्या आकाराचे कोन, लेपाचे घटक, इंजिनाचे रहस्य खुशाल कुलूपबंद राहो. परंतु ते कोणत्या प्रसंगी, कोणाच्या लेखी वा तोंडी हुकमाने शस्त्र सोडील, अखेरचा निर्णय घेणाऱ्या मनुष्याचे नाव कोणत्या नोंदीत राहील, चूक झाली तर चौकशी कोण करील आणि तिची कैफियत संसदेपुढे केव्हा ठेवली जाईल, या गोष्टींना गोपनीयतेचे आच्छादन मिळता कामा नये. प्राणघातक स्वयंचलित शस्त्रांविषयी जिनिव्हात २०१४ पासून राष्ट्रांची बोलणी चालू आहेत आणि त्यांतून सर्वांना बांधील असा करार अद्याप निघालेला नाही. जगाचा नियम होईपर्यंत थांबण्याची मात्र आपल्याला सक्ती नाही. लोकशाहीत बिभीषण हे एक पद असते: महालेखापरीक्षक, न्यायाधीश, विरोधी पक्षाचा सभासद, कर्तव्यनिष्ठ अधिकारी, चिकित्सक पत्रकार यांच्या रूपाने ते भरलेले असावे लागते. त्यांना कुलद्रोही म्हणण्याची खोड ज्या राज्याला जडली, ते इंद्रजिताच्या पक्षाला जाऊन मिळाले, मग त्याच्या विमानांवर कोणतेही चिन्ह रंगविलेले असो.

रामायणातच लपून मारलेल्या बाणाची आणखी एक कथा आहे, आणि ती मारणारा राक्षस नव्हता. किष्किंधेत वाली सुग्रीवाशी झुंजत असता रामाने झाडाआडून त्याला बाण मारला. त्या कृत्याचे समर्थन रामभक्तांनाही सदैव अवघड गेले आहे, आणि वाल्मीकींनी ते सोपे करून दिलेले नाही. पण बाण लागल्यावर काय झाले, तिकडे लक्ष द्यावे. राम झाडाआडून बाहेर आला, मरणोन्मुख वालीजवळ गेला, आणि मी तुझे काय बिघडविले होते, दुसऱ्याशी लढणाऱ्याला आडून मारणे हा तुझा कोणता धर्म, अशा वालीच्या एकेका कठोर प्रश्नाला त्याने उभे राहून उत्तर दिले. ते उत्तर पुरेसे होते की नव्हते, यावर पंडितांत आणि सामान्य श्रोत्यांत आजवर वाद चालत आला आहे. तो वाद चालू शकतो याचे कारणच हे की राम उत्तर देण्यास थांबला होता. इंद्रजितानेही आडून बाण मारले, रामानेही आडून बाण मारला. एकाने ज्यांना मारले त्यांच्यापुढे तो कधी जबाब देण्यास आला नाही, दुसरा आला. आपल्या अदृश्य विमानाला कोणत्या धनुर्धराच्या परंपरेत बसवावयाचे, हा निर्णय त्याच्या पंखांचा आकार ठरविणाऱ्या अभियंत्यांच्या हाती नाही. तो बाण सुटल्यानंतर बाहेर येऊन उभे राहण्याची ज्यांची तयारी आहे, किंवा नाही, अशा राज्यकर्त्यांच्या आणि त्यांना तसे उभे करण्याचा आग्रह धरणाऱ्या तुमच्या-आमच्या हाती आहे.